विडीचा चटका

सापळे दिवस मावळायच्या आत लावायचे.
बोंबलाचा तुकडा, वर खोबरं.
मुजावर मॅडम म्हणतात, उंदराला शिळं चालत नाही,
माणसाला चालतं.
मी पिंजऱ्यांवर नंबर घालत जातो.
एकतीस. बत्तीस. घाणेरीच्या बुडात तेहेतीस.

मोरगिरीच्या वर, सड्यावर,
गवत कमरेला लागलंय.
बाया भारे घेऊन उतरतात, विळे कमरेला,
नि वाटेत थांबून विचारतात, काय घावतंय का वो?
उंदीर.
मग आमच्या घरातलं बी न्या की, फुकाट.

सकाळी चौदा पिंजरे मिटलेले.
मॅडम उंदराचा कान चिमटीत धरतात,
सोनारानं बाळी बघावी तसा.
कानाच्या वळीत केशरी कण्या,
रव्याहून बारीक, एकाला एक चिकटून.
सुईच्या टोकानं उचलायच्या, स्पिरिटात सोडायच्या,
शीशीवर तारीख.
"याला तुमच्याकडं काय म्हणतात?"
मी बराच वेळ आठवत राहिलो.
गोचीड म्हणजे गाईची. पिसू कुत्र्याची. लिखा पोरींच्या.
ह्याला काही नाही.
पणज्याच्या आधीपासून गवतात राहतंय,
आणि आम्ही त्याला कधी नावानं शिवी दिली नाही.

थोरली भावजय, हौसा, गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली.
अकरा दिवस ताप.
पाटणला मलेरिया म्हणाले, रक्तात निघाला नाही.
कराडला टायफॉईड म्हणाले, सलाईन लावलं.
देवऋष्यानं लिंबू कापलं, त्यानं निदान पैसे कमी घेतले.
बाराव्या दिवशी तिला दम लागला,
आणि मग लागायचा थांबला.

आंघोळ घालताना आत्यानं बघितलं.
परकराच्या नाडीखाली, बेंबीच्या बाजूला,
काळी खपली. कडेनं लाल.
विडीचा चटका बसावा तशी.

वाडीत विड्या ओढणारे वीस.
पण हौसाच्या घरात एकच, माझा दादा.
कोणी तोंडावर बोललं नाही.
पाणवठ्यावर तो गेला की घागरी लवकर भरायच्या.
मेव्हण्यानं पोरीला आजोळी नेलं, शाळेसाठी म्हणाला.
मी सख्खा भाऊ,
मीसुद्धा एका रात्री त्याच्या बोटांकडं बघत बसलो होतो.

शाळेत मॅडमनी फोटो लावला,
कुणाच्या तरी काखेतला, मोठा करून.
ताप यायच्या आधी हे येतं, म्हणाल्या.
दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही.
स्वस्तातली गोळी आहे, वेळेत दिली तर.
माझ्या हातातली खडूची पेटी खाली पडली.
सगळ्यांना वाटलं, मी दमलोय.

दादाला आणलं. त्यानं भिंगाला डोळा लावला,
दुसरा हातानं झाकला.
लांबपर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पाय किती हाईत त्याला?"
सहा, मॅडम म्हणाल्या. मोठं झालं की आठ.
दादानं मान हलवली,
जणू हिशोबात तेवढंच राहिलं होतं.
बाहेर येऊन खिसा चाचपला,
विडी काढली, परत ठेवली.
आत्याच्या घरावरनं आम्ही सरळ पुढं गेलो.

आता कुणाला ताप आला की आम्ही रात्रीही जातो.
मॅडम आणि आशाताई आत,
मी उंबऱ्याबाहेर, पाठ फिरवून,
खिडकीतून बॅटरीचा उजेड आत धरून.
काल खालच्या आळीत, गुजाबाईची सून.
आधी आतून नुसतं हसणं.
अगं बया, गुदगुल्या होत्यात.
इथं न्हाय. इथं बी न्हाय. हात वर कर.
बांगड्या वाजल्या.
मग काहीच ऐकू येईना.
माझा हात भरून आला होता, उजेड हलत होता.

"जरा डावीकडं धरा," मॅडम म्हणाल्या.
मी धरला.
"हाय," आशाताई म्हणाली.