खाणीतलं कार्ड

विजेच्या बिलामागे यादी केलीय लिंबेरने,
पाचदा खोडून.
प्रोसेसर, बोर्ड, सोळाची रॅम, एसएसडी,
ग्राफिक्स कार्डापुढे नुसतं प्रश्नचिन्ह,
पॉवर सप्लायपुढे : मिळेल तो, स्वस्तातला.
बेरीज माझी. तीन हजार शंभर बोलिव्हियानो,
त्यातले चारशे माझे, परत मिळणार नाहीत असे.
कॅबिनेटचं काय, विचारलं तर म्हणतो,
पुठ्ठ्याच्या खोक्यातही चालतं, ताई.

एल आल्तोहून लाल पाळण्यात बसून खाली उतरलो तिघं.
बाबा का आला, त्याचं त्यालाच ठाऊक.
गालात कोकाची पानं धरून
खालची पत्र्याची छपरं बघत होता,
आणि लिंबेर सांगत होता, साठ फ्रेम म्हणजे काय,
तीसवर खेळणं म्हणजे कसं अडखळत जगणं.
"आणि डोळ्यांना किती लागतात?" बाबाने विचारलं.
लिंबेर एक अख्खं स्टेशन गप्प.

एलॉय साल्मोनच्या चढावर दुकानंच दुकानं.
आठव्यात दोन्या बासिलिया :
डोक्यावर बोलर हॅट, खांद्यावर लोकरी शाल, तोंडात मेगाहर्ट्‌झ.
"सोळाची एक पट्टी कशाला? आठच्या दोन घे.
जोडीने काम उरकतं."
बाबाने मान हलवली, जणू हे त्याला कळलं.
"आणि पंखा मोठा घे, पोरा. आपली हवा विरळ.
खोक्यावरचे आकडे समुद्राकाठच्या लोकांनी छापलेत."

नवं कार्ड दोन हजारांचं. यादी तिथेच अडली.
मग तिने काउंटरखालून एक काढलं,
जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेलं.
"नऊशे. दीड वर्ष मायनिंगला होतं. लपवत नाही."
लिंबेरचा चेहरा उतरला.
"कुठल्या खाणीत?" बाबाने विचारलं.

मला हसू येणार होतं. आलं नाही.
दोन्या बासिलियाने नीट समजावलं त्याला :
एका गोदामात, फळीवर, अशी चाळीस,
दिवसरात्र गणितं करतात,
कुणी न पाहिलेल्या नाण्यांसाठी.
"पाळी बदलत नाही?"
"नाही."
"कधीच?"

त्याने ते हातात घेतलं. उलटं केलं.
फुंकर मारली, तशी राखाडी धूळ उडाली
आणि तो झटक्यात मागे सरला, जुन्या सवयीने.
मग म्हणाला, जरा चालवून दाखव.
पंखा फिरला. बाबाने कान लावला,
डोळे मिटून, बराच वेळ.
ओरुरोच्या दवाखान्यात असाच कुणी तरी
त्याच्या पाठीला कान लावला होता
आणि कागदावर एक टक्केवारी लिहिली होती.
तो कागद आईने कुठे ठेवलाय, मला माहीत आहे.

"घे," तो म्हणाला. "दमलंय. पण घरघर नाही."

मग त्याचं बोट बिलाच्या शेवटच्या ओळीवर :
हा काय असतो?
यातून सगळ्यांना वीज जाते, लिंबेर म्हणाला,
हा गेला तर सगळ्यांना घेऊन जातो.
"मग हाच स्वस्तातला कशाला?
आम्हीही एकदा टेकूच्या लाकडात पैसे वाचवले होते."
पुढे काही बोलला नाही.
जॅकेटच्या अस्तरातून दोनशे साठ काढले,
चौकोनी घडीचे, घामाने मऊ झालेले.
दोन्या बासिलियाने पैसे मोजले नाहीत,
वर यापा म्हणून मूठभर स्क्रू
आणि पेस्टची अर्धी ट्यूब घातली,
भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या घालते तशी.

आता यंत्र खोक्यातच आहे, केळ्यांच्या.
सत्तेचाळीस फ्रेम येतात, सावल्या बंद ठेवल्या तर.
लिंबेर सगळ्यांना पन्नास सांगतो.

रात्री दीडला बाबा उठतो, अनवाणी,
दारात उभा राहतो.
"बास, लिंबेर. त्याची पाळी संपली."
पंखा हळूहळू थांबतो.
भिंतीपलीकडून खोकला,
आणि मी अंधारात मोजत पडते,
दोन खोकल्यांच्या मधले सेकंद.