यजमान

रात्री साडेनऊला आमचं ऑफिस उघडतं.
ऑफिस म्हणजे स्टीलचा एक डबा,
त्यात सुया, स्पिरिट, कापूस, पन्नास काचा
आणि पेन्सिलीनं भरायची वही.
तांडापेठेत माग थांबलेले असतात तेव्हा.
मी दार वाजवते आणि बोट मागते.
डाव्या हाताची अनामिका.

"काहून जी, दिवसा नाही येता येत का तुमाले?"
प्रत्येक गल्लीत एक जण विचारतोच.

नाही येता येत.
हत्तीरोगाचं पिल्लू दिवसभर फुप्फुसात दडून बसतं.
डास चावायची वेळ झाली
की कातडीखालच्या बारीक नळ्यांत येऊन उभं राहतं,
बर्डीवर शेवटच्या बसची वाट पाहावी तसं.
त्याला घड्याळ कुणी दिलं, माहीत नाही.
नाग नदीकाठच्या क्युलेक्सलाही कुणी दिलं नसणार.

पुस्तकात माणसाला यजमान म्हणतात.
डास हा मधला यजमान,
त्याच्याकडे दहा-बारा दिवसांचा मुक्काम, तेवढ्यात वाढायचं.
माणूस अंतिम यजमान,
त्याच्याकडे वर्षानुवर्षं, लग्न, लेकरं, सगळं.
मला वर्गात हसू यायचं.
वाटायचं, आता गुरुजी म्हणतील,
यजमान, उजव्या हातावर पाणी घ्या.

शेवंता पौनीकर दारातूनच म्हणाली,
"आमचे यजमान नाहीत घरी."

कळमन्याला संत्र्यांच्या आडतीवर चौकीदार. अकरा वर्षं रातपाळी.
जांघेत गाठ, महिन्याआड ताप,
उजवा पाय चपलेत मावेना.
मी फाटकावर जाऊन बोट टोचलं, रात्री बारा वाजता.
काच कोरी.
पुढच्या आठवड्यात पुन्हा. कोरी.
तिसऱ्यांदा तो स्वतःच बोट पुसत म्हणाला,
"माह्या रक्तात काही नसन मॅडम, पाय तसाच सुजला असन."
साहेब म्हणाले, निगेटिव्ह लिहा अन् सोडा.

मी एका मंगळवारी दुपारी गेले, सुट्टी टाकून.

तो मागाच्या बाजूला चटईवर, डोळ्यांवर दुपट्टा.
शेवंतानं कुकरची शिटी काढून ठेवलेली.
पोरगी पाढे ओठांनीच म्हणत होती.
"उठवू नका जी," ती म्हणाली,
आणि त्याचा हात उचलून माझ्याकडे दिला,
तांब्या द्यावा तसा.
टोचलं तरी तो हलला नाही.

संध्याकाळी काच पाण्यात धुतली, रंगवली.
पहिल्याच रेघेत चौदा.
आवरणासकट, सैल वळशांची,
शेपटीचं टोक रिकामं, पुस्तकात असतं तसं.

त्याची रात्र आजवर कुणी पाळली नव्हती.
नळ दुपारीच यायचा,
भंगारवाला दुपारी ओरडायचा,
पोरीच्या शाळेची मीटिंग दुपारी.
बायकोनं पाळली,
आणि यांनी.

पण दुपारी क्युलेक्स झोपलेला असतो.
म्हणजे अकरा वर्षं ही सगळी
रोज ऊन तापल्यावर स्टॉपवर येऊन उभी राहिली,
आणि बस काही येणार नव्हती.
मला क्षणभर वाईट वाटलं. कुणाचं, ते विचारू नका.

गोळ्या द्यायला गेले तेव्हा शेवंतानं विचारलं,
"त्यायले कसं समजलं, का यायची रात दिवसा राह्यते?"
म्हटलं, रक्तातच राहतात ना, झोप कळते त्यांना.
ती बराच वेळ गोळ्या मोजत बसली.
"मी बी तं घरातच राह्यतो," म्हणाली.
मग, "जेवल्यावर द्यायच्या ना? त्यायचं जेवण संध्याकाळी सातले."

वहीत वेळेच्या रकान्यात मी लिहिलं होतं,
दुपारी सव्वा एक.
ऑफिसात कुणीतरी लाल शाईनं खोडून
तिथं 'रात्री' केलं.
मी ते तसंच राहू दिलं.