पुलाच्या खांबावरची रेघ

रात्री अडीचला वर्लनचा फोन:
"पाणी रेघेला टेकलंय. ऊठ."
मग खोकला. मग फोन बंद.

ती रेघ त्याच्या सासऱ्याने ओढलेली,
ट्रॅक्टर रंगवून उरलेल्या लाल रंगाने,
गुरं पलीकडे न्यायची की नाही, हे ठरवायला.
गुरं विकली गेली. रेघ राहिली.

टेनेसीच्या नकाशात स्किलेट ओढा निळा आहे.
ते निळेपण खोटं.
एरवी इथे कोरडी घळ, जुन्या कोळसाखाणीचा नारिंगी ओघळ,
आणि कुणाचा तरी टायर.
फेब्रुवारीत पठारावर रात्रभर कोसळलं
की तो सहा तास नदी असतो.
सातव्या तासाला दगड वर येतात,
जणू काही झालंच नव्हतं.

उजाडताना आम्ही चौघं:
डेसी, तिचा भाऊ कोल्बी, लोन्झो आणि मी.
कायाक अंगावर चढवायची ती बुटासारखी, कंबरेपर्यंत.
रबरी घेर काठावर ताणून बसवला
की पाय आपले राहत नाहीत.

पहिली उडी आठ फुटांची.
दुसरीच्या पायथ्याशी जो भोवरा, त्याला इथे ताकाचा डेरा म्हणतात.
लोन्झोला त्याने तीनदा घुसळलं,
चौथ्यांदा थुंकलं.
तो हसला. हसताना ओठ निळे.

तिसऱ्याच्या आधी डेसीची शिट्टी.
मूठ वर.

कातळावर पालथं पडून बघितलं:
वरून तीच गुळगुळीत जीभ, बावीस फूट,
मागच्या वर्षीसारखीच, बोलावणारी.
खाली फेस जरा श्वास घेई
तेव्हा दिसायचं एक खोड, आडवं, फांद्यांसकट.
पाणी त्यातून जातं.
माणूस जात नाही.

"डावीकडून जागा आहे," कोल्बी म्हणाला.
आमच्यात कुणी कुणाला नको म्हणत नाही, हा रिवाज.
डेसीने दोराची पिशवी सोडली, खडकात टाच रोवली
आणि भावाकडे न बघता म्हणाली,
"मी दोर धरते. आईला मात्र तू सांगून आलायस ना?"

बराच वेळ फक्त धबधबा बोलत होता.
मग कोल्बीने बोट खांद्यावर घेतली
आणि वाटेतल्या प्रत्येक काटेरी झुडपाला
नावानिशी शिव्या दिल्या.

चाळीस मिनिटं.
तेवढ्यात ओढा वीतभर उतरला होता.
खोड उघडं पडलेलं, साल निघालेलं,
गरीब दिसत होतं.
कोल्बीने वल्ह्याच्या टोकाने त्याला ढोसलं,
झोपलेल्या कुत्र्याला ढोसावं तसं,
आणि हात मागे घेतला.

पुलाखाली पोचलो तेव्हा रेघ
पाण्याच्या हातभर वर होती.
वर्लन गाडीतून उतरला नाही.
एकेकाकडे बघून मान हलवत गेला,
एक, दोन, तीन,
माझ्यापाशी चार,
गुरं मोजायचा तसा,
आणि मगच त्याने हीटर लावला.