ब्याण्णव किलोडाल्टन

बाहेर परभणी त्रेचाळीसवर.
आत शेकर सोळा अंशांवर डोलतोय रात्रभर,
म्हाताऱ्या बैलाच्या मानेसारखा.

सोळाच का, ते सांगते.
सदतीसवर ठेवलं की जिवाणू घाई करतात,
प्रोटीन नीट घडी पडायच्या आत गोळा होऊन
तळाला बसतं.
सात आठवडे मी ते गाठी झालेलं पिठलं
ओतून दिलं.

जीन करडईचा. आमच्याच फार्मवरचा, आठवा प्लॉट.
पौषात नूरमियाँनी काटे चुकवत पानं खुडली,
मी मागं द्रव नायट्रोजनचा थर्मास धरून.
आरएनए तीनदा कुजला, चौथ्यांदा टिकला.
मग प्लाझ्मिड, लायगेज, बर्फ,
बेचाळीस अंशांचा झटका,
आणि सकाळी थाळीवर वसाहती.
निळी ती रिकामी, पांढरी ती आपली.
पांढऱ्या अकरा निघाल्या. त्यातली खरी एक.
बाकीच्या दहाजणींनी
नुसतेच पांढरे कपडे घातले होते.

पुस्तकात याला विकर म्हणतात,
लॅबमध्ये कुणी म्हणत नाही.
काम त्याचं एकच.
पेशीच्या पडद्यात स्निग्धाचे रेणू उभे असतात,
एक डोकं, दोन शेपट्या.
हा त्यांचं डोकं छाटतो.
जे उरतं ते आम्ल, आणि तोच निरोप:
पाणी संपत आलंय,
पानांची तोंडं मिटून घ्या.

पप्पांचा फोन. मानवतला आमचा तेलाचा घाणा.
"करडईवरच काम करतीस ना? तेल किती पडतं?"
तेल नाही पप्पा, प्रोटीन. अर्धा मिलिग्रॅम.
"अर्धा काय?"
मिलिग्रॅम.
बराच वेळ घाण्याचा आवाज येत राहिला.
"बरं. जेवलीस का?"

जेलवर पट्टा आला, ब्याण्णवच्या रेघेला,
निळा, एकटा, ठसठशीत.
कांगणे मॅडमनी चष्मा कपाळावर सारून बघितला.
"दिसतो देखणा. पण कामाला लागतो का?"

नाही लागला.
महिनाभर शून्य. वहीत शून्यावर शून्य,
शेवटी तर शून्यसुद्धा वाकडं.
मग एका दुपारी, लाइट गेलेली असताना,
बाटलीवरचं माझंच अक्षर वाचलं:
बफरमध्ये ईडीटीए.
जुन्या वहीतून न बघता उतरवलेला.
कॅल्शियमशिवाय हा बोटही उचलत नाही,
आणि त्याच्या ताटातलं कॅल्शियम
मीच रोज काढून घेत होते.

आता उठतो. आम्लात खूष असतो, साडेपाचच्या आसपास.
त्याचं एक व्यसनही सापडलं:
पाण्यात थोडं ब्युटेनॉल मिसळलं
की हा पाण्याकडे बघतसुद्धा नाही,
छाटलेल्या जागी दारूच चिकटवतो,
आणि दुष्काळाचा निरोप निघतच नाही.
नूरमियाँ हसले. "आपल्या गल्लीतलाच दिसतो."

काल आयोडीनच्या डब्यातून काचपट्टी काढली.
जिथं कधीच काही नव्हतं तिथं
चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग.
नूरमियाँ वाकले.
"इतकुसा? ह्याच्यासाठी दोन वर्षं?"
मी मान हलवली,
आणि घाईनं पेन्सिल शोधू लागले,
कडेनं गोल काढून ठेवायला.
आयोडीन उडून जातं, बघता बघता.