पोटखराब

नान्नजच्या अलीकडे, गट नंबर दोनशे सोळा.
साखळी जाऊन यंत्र आलं, तरी मला
अजून साखळीवालाच म्हणतात.
मी झेंडा धरून उभा, साहेब भिंगातून बघत,
तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधून
एक पिवळं गेलं.

सरळ नाही गेलं.
पवन्याच्या तुऱ्यांवर वीतभर,
खाली, वर, पुन्हा खाली,
हद्द मोडायची म्हणून नव्हे,
हद्द असते हेच ठाऊक नसल्यासारखं.

भंडारा म्हणणार होतो, बाळ्याच्या जत्रेतला.
पण भंडारा उधळला की खाली बसतो.
हे बसेना.

बिराप्पा देवकते मेंढरं अडवून म्हणाला, चिट्टी.
त्याची आई अक्कलकोटाकडची, घरात कानडी.
जीपवाला गड्डम म्हणाला, सीताकोकचिलुका.
एवढ्याशा जिवाला एवढं लांब नाव!
मी फुलपाखरू म्हटलं.
ते आमच्यापैकी कुणाच्याच नावावर नव्हतं.

मग तरवडाच्या कोवळ्या शेंड्यावर टेकलं,
पोट वाकवलं, आणि उडालं.
वाकून बघितलं:
पानावर एकच अंडं, उभं,
तांदळाच्या कणीहून बारीक.
दुसरं कुठं ठेवलं कोण जाणे.

बिराप्पा म्हणाला, चैतात ये.
तेव्हा ह्याच्या पंखाला तांबूस डाग पडत्यात,
वाळक्या पाल्यागत.
माळ वाळला की हे बी वाळून घेतं.
माझा आजा ह्याच तरवडाची साल
कातडी कमावणाऱ्यांना इकायचा, शेराला दोन आणे.
कुणी इचारत नाही आता.
मेंढरं बी तोंड लावत नाहीत, म्हणून तर ऱ्हायलंय.

साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो.
पोटखराब, एक हेक्टर बारा आर.
झाडं: निरंक.
पुढच्या जूनला इथं गिरिपुष्पाचे खड्डे,
अडीच बाय अडीच, मंजूर आहेत.

शेऱ्याच्या रकान्यात मी ‘तरवड’ लिहिलं.
साहेबांनी खोडलं नाही.
वाचलंच नसेल.

शेवटचा दगड नेमका त्या झुडपाच्या बुडात येत होता.
मी हातभर अलीकडे रोवला.
हातभर चालतं, असं आमच्यात म्हणतात.
चालत नाही.