सहा मिलिमीटरचा खिसा

"हिरड्यांत खिसे झालेत तुमच्या," केंजळे डॉक्टर म्हणाल्या,
आणि माझा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला.
तिथे पीएमटीचा पास, काडेपेटीत जपलेली जास्तीची रीड
आणि कालच्या वरातीचे सातशे.

रास्ता पेठ. झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून डावीकडे.
त्या बारीक सळई हिरडीत उतरवतात, आकडे म्हणतात,
शाहीन लिहून घेते.
तीन, दोन, दोन. हा रूपक झाला, माझा अंगठा हलला.
पाच, सहा, सहा, सात.
हा कुठलाच ताल नाही.
सांगणार होतो, पण तोंडात त्यांचं बोट होतं.

आधी खोल सफाई. तोंडाचे चार भाग, भागाला अडीच हजार.
तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.
नाही उतरलं तर हिरडी उचलून, मुळं खरवडून टाके,
भागाला दहा. हाडाची पूड घातली तर तिचे वेगळे.

"गुण येईल?"
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"रक्त थांबेल. आकडा उतरेल, सगळीकडे नाही.
गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही. आहे ते धरून ठेवायचं.
आणि ते मी नाही, तुम्ही. रोज रात्री."
मी घासाघीस करायला गेलो.
त्या म्हणाल्या, "घासा."

हौसा दोन वर्षं मीठ-तेल चोळायला लावत होती.
चोळलं. खारट लागलं, एवढाच गुण.

क्लॅरिनेट वरच्या दोन दातांवर उभी असते,
हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं.
रखमाजी मास्तरांचे बावन्नाव्या वर्षी गेले.
मालकांनी हातात झांजा दिल्या.
कोट तोच, लाल, खांद्यावर सोनेरी गोंडे.
एकदाही ताल चुकला नाही त्यांचा,
फक्त माझी सुरावट वर चढली
की ते ओठ आत ओढून घ्यायचे.

म्हणून वरचे दोन भाग आधी केले.
पाच हजार, तीन हप्त्यांत. तंबाखूची पुडी त्याच जिन्यात टाकली,
दुसऱ्या दिवशी शोधलीही, खोटं कशाला बोलू.

तीन महिन्यांनी पुन्हा सळई.
सहाचे चार. दुसऱ्या सहाचेही चार.
सात सातच राहिला.
त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.
उशीच्या अभ्र्यावर डाग दिसत नाही आता.
वरच्या निषादाला तो एक दात अजून थरथरतो,
मी क्लॅरिनेट जरा डावीकडे झुकवतो,
लोकांना वाटतं, रंगात आलाय.

"खालचे कधी करायचे?"
तुळशीचं लग्न झालं की, म्हटलं.
नोव्हेंबरात चार मुहूर्त धरलेत, डिसेंबरात पाच.
मी बोटांवर तारखा म्हणतो,
शाहीन लिहून घेते.