फायदे, थोडक्यात

विट्याहून शाळेचा फॉर्म आलाय.
नाटकाचा तास बंद करून
त्या जागी स्कॉलरशिपचा जादा वर्ग घ्यावा का,
माजी विद्यार्थ्यांनी मत कळवावे.
खाली रकाना: फायदे, थोडक्यात.
टिंबांच्या दोन ओळी.

मिरजेत, रात्रपाळीला, पुरुष वॉर्डच्या टेबलावर
तो मी सलाईनच्या बाटलीखाली दाबलाय,
पंख्यानं उडू नये म्हणून.

मला कधी भूमिका मिळाली नाही.
आवाज बारीक, दात पुढे.
मगदूम बाईंनी हातात वही दिली,
म्हणाल्या, तू विंगेत बस.
ज्याचं अडेल त्याला पहिलं अक्षर दे.
सबंध वाक्य दिलंस
तर ते तुझं होतं, त्याचं राहत नाही.

विंग म्हणजे उभी केलेली दोन बाकं
आणि त्यावर शाळेची सतरंजी.
तिच्या भोकातून मला अर्धंच नाटक दिसायचं,
पण पाठ सगळं होतं. आईचं, शेजारणीचं, पोस्टमनचं,
कुत्र्यानं कुठं भुंकायचं तेसुद्धा.

बाप झाला होता नेताजी हजारे.
त्याचा खरा बाप गलाईवर, सेलमला,
वर्षातून यात्रेला आठ दिवस यायचा.
(आमच्या वर्गाला देशाचा नकाशा पाठ होता,
कलकत्ता, कोईमतूर, कटक;
भूगोलामुळे नाही, बापांमुळे.)
तालमीत नेताजी खुर्चीत नीट बसेना.
"बाई, बाप घरात बसतो कसा ओ?
पाय पसरून, का पाहुण्यागत?"
बाई काही बोलल्या नाहीत.
त्या दिवशी तालीम तिथंच संपली.

गॅदरिंगच्या रात्री
त्याचं पहिलं वाक्य होतं, "आलो गं, दार उघड."
नेताजी आला, आणि थांबला.
मी मनात पाच मोजले. आणखी पाच.
पहिल्या रांगेत हेडमास्तर खोकले.
'आ' माझ्या ओठांवर आला,
तेवढ्यात बाईंचा हात वहीवर पडला.
थांब. विसरला नाही तो.

नेताजीनं वाकून चपला काढल्या.
तालमीत नव्हतं हे.
दारातच ठेवल्या, मग परत उचलल्या,
आत नेऊन भिंतीला लावल्या,
उद्या कुठं जायचं नसल्यासारख्या.
मग म्हणाला, "आलो गं."
'दार उघड' म्हणालाच नाही.
मंडपात बायकांची बाजू
एकदम गप्प झाली.

विसरणं आणि थांबणं
लांबून सारखंच दिसतं.
विसरलेला विंगेकडे बघतो.
थांबलेला कुठंच बघत नाही.
एवढं मला येतं. बाकी गणितात मी काठावर पास.

आज संध्याकाळी आठ नंबरच्या आजोबांना
नव्या डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण आहे?
आजोबा गप्प.
डॉक्टरांनी पेन दोनदा आपटलं,
"विसरतात वाटतं. केसपेपरवर लिहा तसं."
मी म्हटलं, सर, जरा थांबा.
आजोबा ना दाराकडे बघत होते, ना आमच्याकडे.
पंखा फिरत राहिला.
मग म्हणाले,
"होती."

नेताजी आता स्वतःच सेलमला असतो म्हणे.
त्याला फॉर्म गेला की नाही, ठाऊक नाही.

मी रकान्यात 'नेताजीच्या चपला' लिहिलं,
आणि खोडलं.
पहाटे चारला खाली सही केली, तारीख घातली,
टिंबांच्या ओळी तशाच ठेवल्या.
समितीला वाटेल, बाई भरायला विसरल्या.

त्या टेबलाशी कुणीतरी असावं
कागदावर हात ठेवणारं.